मऊ प्लास्टिकचे मिलिंग

मऊ प्लास्टिकचे मिलिंग म्हणजे पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, टेफ्लॉन, नायलॉन, पॉलियुरेथेन यांसारख्या कमी ताठरपणाच्या प्लास्टिकचे तुकडे मिलिंग यंत्राच्या टेबलावर पकडून फिरत्या हत्याराने त्यांना हवा तो आकार देण्याची प्रक्रिया होय. मिलिंगला मराठीत चक्री कर्तन असेही म्हणतात. धातूच्या मानाने हे पदार्थ कापण्यास अगदी सोपे असतात, परंतु पकडण्यास अवघड असतात. पकडीचा दाब वाढवला की तुकडा दबतो आणि दाब कमी केला की तो हत्याराबरोबर उचलला जातो. पकडीत असताना अचूक भरलेले माप पकड सोडताच बदलू शकते. त्यामुळे या कामात तुकडा धरण्याच्या पद्धतीला कर्तनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व आहे.

झडपांच्या बैठका, गळतीरोधक चकत्या, बुश, कन्व्हेअरच्या घसरपट्ट्या, पंपांचे भाग, खाद्यपदार्थ कापण्याचे पाट, विद्युतरोधक ठोकळे अशा अनेक वस्तू या पद्धतीने तयार केल्या जातात.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील जोसेफ आर. ब्राउन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या युनिव्हर्सल मिलिंग यंत्रापासून आधुनिक मिलिंग यंत्राची घडण सुरू झाली असे मानले जाते. हे यंत्र पोलाद, बीड व पितळ यांसाठी घडवलेले होते. आज ज्यांना मऊ प्लास्टिक म्हटले जाते ते बहुतेक पदार्थ त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळाने अस्तित्वात आले. १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन व एरिक फॉसेट यांना पॉलिथिन मिळाले. ड्यू पाँट कंपनीत १९३५ मध्ये वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केले, तर त्याच कंपनीतील रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलिन हा पदार्थ योगायोगाने सापडला. हाच पदार्थ पुढे टेफ्लॉन या व्यापारी नावाने प्रसिद्ध झाला. १९५३ मध्ये कार्ल त्सीग्लर यांनी कमी दाबाखाली उच्च घनतेचे पॉलिथिन बनवण्याची पद्धत शोधली. जूलिओ नाट्टा यांनी त्याच मार्गाने १९५४ मध्ये स्फटिकी पॉलिप्रॉपिलिन तयार केले. या दोघांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

याचा परिणाम असा की मिलिंग यंत्राचे व्हाइस, क्लॅम्प, हत्यारांचे कोन आणि कारागिराच्या हाताची सवय हे सर्व धातूच्या हिशेबाने घडलेले आहे. मऊ प्लास्टिकसाठी यातील प्रत्येक गोष्ट थोडी बदलावी लागते.

बहुतेक प्लास्टिकच्या वस्तू साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबून बनवतात. तरीही मिलिंगची गरज दोन कारणांनी उरते. पहिले कारण आर्थिक आहे. पोलादी साचा महाग असल्याने तो हजारो नगांसाठीच परवडतो. एखाद्या जुन्या यंत्रासाठी चार-दोन सुटे भाग हवे असतील तर ते ठोकळ्यातून कापून काढणेच शहाणपणाचे ठरते. दुसरे कारण पदार्थाच्या स्वभावात आहे. टेफ्लॉन आणि अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिन हे पदार्थ वितळबिंदूच्या वर गेले तरी इतर प्लास्टिकप्रमाणे वाहत नाहीत. त्यांची भुकटी दाबून व तापवून दांडे आणि पाट तयार करतात आणि पुढचा आकार कर्तनानेच द्यावा लागतो.

पदार्थांचे गुणधर्म

कर्तनाच्या दृष्टीने तीन गुणधर्म महत्त्वाचे आहेत. पदार्थाचा ताठरपणा यंग गुणांकाने मोजतात. उष्णतेने तो किती वाढतो हे प्रसरण गुणांकावरून कळते, तर वितळबिंदूवरून तो किती तापू द्यावा याची मर्यादा कळते. पुढील तक्त्यातील आकडे ढोबळ असून ते प्रत आणि भरणद्रव्यांनुसार बदलतात. प्रसरणाचा आकडा एक मीटर लांबी एक अंश सेल्सिअसने तापल्यास किती मायक्रोमीटरने वाढते हे दर्शवतो.

| पदार्थ | वितळबिंदू (अंश सेल्सिअस) | यंग गुणांक (गिगापास्कल) | प्रसरण |
|---|---|---|---|
| कमी घनतेचे पॉलिथिन | १०५–११५ | ०.२–०.३ | सुमारे २०० |
| उच्च घनतेचे पॉलिथिन | १२५–१३५ | सुमारे १ | सुमारे १५० |
| पॉलिप्रॉपिलिन | १६०–१६५ | १.३–१.८ | सुमारे १२० |
| टेफ्लॉन | ३२७ | सुमारे ०.५ | सुमारे १३० |
| नायलॉन ६ (कोरडे) | सुमारे २२० | २.५–३ | सुमारे ९० |
| अ‍ॅसिटल | १६५–१७५ | सुमारे ३ | सुमारे ११० |
| पोलाद (तुलनेसाठी) | सुमारे १५०० | सुमारे २०० | १२ |

तक्त्यातील शेवटची ओळ पाहिली असता फरक ध्यानात येतो. उच्च घनतेचे पॉलिथिन पोलादाच्या तुलनेत सुमारे दोनशे पट लवचीक आहे आणि उष्णतेने त्याच्या दहा पटींहून अधिक वाढते. शिवाय प्लास्टिक उष्णतेचे वाईट वाहक आहे. पोलादी तुकड्यात कर्तनाची उष्णता लगेच पसरते, प्लास्टिकमध्ये मात्र ती हत्याराच्या धारेपाशीच साचून राहते.

याशिवाय मऊ प्लास्टिकमध्ये विसर्पण आढळते. सतत दाब राहिल्यास पदार्थ हळूहळू सरकत जातो आणि दाब काढल्यावरही पूर्णपणे मूळ जागी येत नाही, यास विसर्पण म्हणतात. कारखान्यात त्यासाठी क्रीप हा शब्द रूढ आहे. टेफ्लॉनमध्ये हा दोष विशेष ठळक असून सामान्य तापमानालाही तो दिसून येतो. त्यामुळे टेफ्लॉनचा तुकडा रात्रभर व्हाइसमध्ये आवळून ठेवल्यास सकाळी त्याचा आकार बदललेला असतो आणि पकडही सैल झालेली असते.

पकडण्याचा प्रश्न

पकडीचा परिणाम साध्या गणिताने दाखवता येतो. व्हाइसच्या दोन जबड्यांमधील अंतर १०० मिमी आणि जबड्याला टेकणारा पृष्ठभाग ५० मिमी × ५० मिमी आहे असे समजू. जबड्यांनी ५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलो वजनाएवढे बल लावले, तर दर चौरस मिलिमीटरवर २ न्यूटन दाब येतो. या दाबाखाली पोलादाचा ठोकळा ०.००१ मिमीने दबेल. तेवढ्याच मापाचा उच्च घनतेच्या पॉलिथिनचा ठोकळा ०.२ मिमीने, टेफ्लॉनचा ०.४ मिमीने आणि कमी घनतेच्या पॉलिथिनचा सुमारे १ मिमीने दबेल. मशीन व्हाइसचे हँडल हाताने जोरात आवळल्यास याहून कित्येक पट बल निर्माण होऊ शकते.

दबलेल्या स्थितीत केलेले काम सुटल्यावर कसे बिघडते याची दोन नेहमीची उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत. बाजूंनी दाबलेला ठोकळा मध्यभागी किंचित वर फुगतो. त्या स्थितीत त्याचा वरचा पृष्ठभाग सपाट कापला जातो. पकड सोडल्यावर फुगवटा ओसरतो आणि सपाट केलेला पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो. दुसरे उदाहरण छिद्राचे आहे. दबलेल्या ठोकळ्यात अगदी गोल छिद्र पाडले तरी पकड सुटताच ठोकळा जबड्यांच्या दिशेने पसरतो आणि छिद्र लंबगोल होते. दोन्ही वेळा यंत्र, हत्यार आणि मोजमापाचे साधन निर्दोष असते, दोष फक्त पकडीत असतो. नवशिक्या कारागिराला तो सहज सापडत नाही, कारण तुकडा यंत्रावर असेपर्यंत प्रत्येक माप बरोबर येते.

पकडण्याच्या पद्धती

मऊ जबडे

व्हाइसला, म्हणजेच शेगड्याला, पोलादी दातेरी जबड्यांऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे, लाकडाचे किंवा कठीण प्लास्टिकचे जबडे बसवतात. हे जबडे यंत्रावरच तुकड्याच्या आकाराप्रमाणे कोरून घेतले जातात. तुकडा जबड्यातील खाचेत बेताने बसला की दाब मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि कमी बलातही तुकडा सरकत नाही. गोल तुकड्यासाठी एका बाजूने चिरलेली बुश वापरतात. ती तुकड्याला चहूबाजूंनी सारखी आवळते. हँडल हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळल्यास प्रत्येक नगाला सारखाच दाब मिळतो.

क्लॅम्प व टाकाऊ पाट

पातळ पाट थेट टेबलावर न ठेवता त्याखाली प्लायवुडचा किंवा एमडीएफचा टाकाऊ पाट ठेवतात. हत्यार तुकड्यातून आरपार जाऊन त्या पाटात थोडे शिरते. त्यामुळे कडेचा भाग खाली लोंबकळत नाही. वरून क्लॅम्पची पट्टी टेकवताना तिच्याखाली रुंद पॅकिंग ठेवावे लागते, अन्यथा पट्टीचा ठसा तुकड्यावर उमटतो. क्लॅम्प नेहमी खालून आधार असलेल्या जागीच लावतात. तुकड्याचा काही भाग पुढे कापून टाकायचाच असेल, तर त्या जादा भागातून स्क्रू घालून तो टाकाऊ पाटाला बसवणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. या पद्धतीत तयार वस्तूवर पकडीचा दाब जवळजवळ येतच नाही. शेवटी वस्तू भोवतालच्या चौकटीला काही ठिकाणी चिंचोळ्या पट्ट्यांनी जोडलेली ठेवतात आणि त्या पट्ट्या नंतर सुरीने कापतात.

निर्वात पकड

सपाट तुकड्यांसाठी खाचा असलेल्या पाटावर तुकडा ठेवून खालची हवा पंपाने काढून घेतात. वातावरणाचा दाबच तुकड्याला खाली धरून ठेवतो. १०० मिमी × १०० मिमी आकाराच्या तुकड्याखाली वातावरणाच्या सुमारे ८० टक्के निर्वात साधल्यास त्यावर सुमारे ८०० न्यूटन, म्हणजे जवळपास ८० किलो वजनाएवढे बल येते. ते सर्वत्र सारखे पसरलेले असल्याने तुकडा एका जागी दबत नाही. मात्र हे बल उभ्या दिशेने काम करते. आडव्या दिशेने तुकड्याला फक्त घर्षण अडवते आणि टेफ्लॉनसारख्या निसरड्या पदार्थाचे घर्षण फारच कमी असते. म्हणून निर्वात पकडीबरोबर बाजूने अडवणाऱ्या पिना लावणे आवश्यक ठरते. तुकडा लहान असल्यास किंवा मूळचाच वाकडा असल्यास ही पद्धत उपयोगी पडत नाही.

चिकटवणे

दुहेरी चिकटपट्टी ही लहान व पातळ तुकड्यांसाठी रूढ पद्धत आहे. दुसऱ्या एका पद्धतीत टेबलाला आणि तुकड्याला कागदी मास्किंग टेप लावून त्या दोन टेपांच्या पाठी झटपट डिंकाने जोडतात. काम संपल्यावर टेप सोलून काढता येतो. या पद्धतींची मर्यादा पदार्थाच्या पृष्ठभागात असते. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन आणि विशेषतः टेफ्लॉन यांच्या पृष्ठभागाला डिंक नीट धरत नाही. नायलॉन व अ‍ॅसिटलला चालणारी चिकटपट्टी टेफ्लॉनला चालेलच असे नाही. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर चाचणी घेतात.

भरणे

पातळ भिंतींचा पोकळ तुकडा बाहेरून आवळला की आत दबतो. अशा वेळी त्याची पोकळी मेणाने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने भरतात आणि काम झाल्यावर भरण काढून टाकतात. तत्त्व जुनेच आहे. पोकळ दागिन्यावर नक्षी ठोकताना तो दबू नये म्हणून सोनार त्यात लाख भरतात. मेण वापरताना कर्तनाच्या उष्णतेने ते मऊ होणार नाही याकडे लक्ष द्यावे लागते, कारण साध्या पॅराफिन मेणाचा वितळबिंदू ५० ते ६० अंशांच्या आसपास असतो.

गोठवणे

रबरासारखे अतिमऊ पॉलियुरेथेन किंवा रबर खोलीच्या तापमानाला हत्यारापुढून नुसते वाकून निसटते. असा पदार्थ घन कार्बन डायऑक्साइडने किंवा द्रव नायट्रोजनने थंड केल्यास तो कडक होतो आणि स्वच्छ कापता येतो. घन कार्बन डायऑक्साइडचे तापमान सुमारे उणे ७८ अंश, तर द्रव नायट्रोजनचे उणे १९६ अंश सेल्सिअस असते. दमट हवेत थंड तुकड्यावर लगेच दहिवर धरते. शिवाय तुकडा आकसलेला असल्याने त्याच्या मापांत त्या प्रमाणात भत्ता ठेवावा लागतो. बंद खोलीत हे वायू साचल्यास प्राणवायूचे प्रमाण कमी होऊन जीवाला धोका निर्माण होतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेच्या जागीच केले जाते.

हत्यार व कर्तन

पकड हलकी ठेवायची असेल तर कर्तनाचे बलही कमी असले पाहिजे. त्यासाठी हत्याराची धार अत्यंत तीक्ष्ण असावी लागते. पोलाद कापून किंचित बोथटलेली एंडमिल धातूवर आणखी काही काळ चालते, परंतु प्लास्टिकला ती कापण्याऐवजी ढकलते व घासते. म्हणून प्लास्टिकसाठीची हत्यारे वेगळी ठेवण्याची पद्धत आहे. एक किंवा दोन दातांची, मोठ्या व गुळगुळीत खाचांची, लेप नसलेली हत्यारे पसंत केली जातात. दात कमी असल्याने दोन दातांमध्ये कीस बाहेर पडण्यास भरपूर जागा राहते.

हत्याराचा पीळ कोणत्या दिशेचा आहे यावरही पकड अवलंबून असते. नेहमीची एंडमिल कीस वर उचलते आणि त्याबरोबर तुकड्यालाही वर ओढते. उलट्या पिळाची एंडमिल तुकड्याला खाली दाबते, त्यामुळे पातळ पाट टेबलावरून उठत नाही. तिच्यामुळे कीस मात्र खाचेत अडकून राहतो. त्यामुळे खोल खाचेसाठी नेहमीची आणि पातळ पाटाच्या कडेसाठी उलट्या पिळाची एंडमिल असा विवेक केला जातो.

फेऱ्यांची संख्या आणि फीड यांचा मेळ हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा होय. १० मिमी व्यासाची दोन दातांची एंडमिल मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरवल्यास कर्तनाची गती मिनिटाला सुमारे ९४ मीटर होते. प्रत्येक दाताने ०.१५ मिमी कापावे असे ठरवल्यास टेबल मिनिटाला ९०० मिमी या वेगाने सरकले पाहिजे. प्लास्टिक तापू लागले की फीड कमी करण्याकडे स्वाभाविक कल असतो, पण त्याचा परिणाम उलटा होतो. फीड कमी केल्यास दात कापण्याऐवजी घासू लागतो, उष्णता वाढते आणि पॉलिथिन हत्याराला चिकटून वितळते. जाड कीस आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातो. म्हणून फेऱ्या कमी करणे किंवा फीड वाढवणे हा योग्य उपाय ठरतो. हत्यार फिरत असताना टेबल एका जागी थांबवणेही टाळले जाते.

थंड ठेवण्यासाठी बहुधा दाबाखालची हवा पुरते. ती कीसही उडवून लावते. नायलॉन पाणी शोषते, त्यामुळे पाणीमिश्रित कर्तनद्रव त्यासाठी टाळतात. अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट यांसारख्या कडक प्लास्टिकला काही तेलांमुळे बारीक तडे जातात. म्हणून एका पदार्थाला चालणारा द्रव दुसऱ्यालाही चालेल असे गृहीत धरले जात नाही.

कापलेल्या कडेला तंतुमय धागे राहतात, त्यांना कारखान्यात बर म्हणतात. मऊ प्लास्टिकचा बर कानशीने निघत नाही, तो फक्त वाकतो. तो धारदार सुरीने किंवा पात्याने कापून काढावा लागतो.

कामाचा क्रम व ताणमुक्ती

दाबून किंवा ओतून बनवलेल्या प्लास्टिकच्या पाटात अंतर्गत ताण असतात. एका बाजूचा थर कापला की ताणांचा तोल जातो आणि पाट वाकतो. यावरचा उपाय क्रमात आहे. प्रथम सर्व बाजूंनी थोडे थोडे कापून, प्रत्येक बाजूला काही दशांश मिलिमीटर शिल्लक ठेवतात. मग तुकडा पकडीतून पूर्ण सोडून शक्यतो एक दिवस तसाच ठेवतात. या काळात तो आपल्या नैसर्गिक आकारात येतो आणि थंडही होतो. त्यानंतर तो पुन्हा अगदी हलक्या पकडीत धरून अखेरचा पातळ कट घेतात. काटेकोर मापाच्या कामात दोन टप्प्यांच्या मध्ये तुकडा ठरावीक तापमानाला तापवून अतिशय सावकाश थंड करतात. घाईच्या कामात हा विसावा गाळला जातो आणि नाकारलेल्या नगांचे ते एक नेहमीचे कारण असते.

मोजमाप

औद्योगिक मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान आहे. ठाणे जिल्ह्यात उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या कार्यशाळेत तापमान ३५ अंशांवर सहज जाते. उच्च घनतेच्या पॉलिथिनचा २० अंशांना १०० मिमी असलेला तुकडा ३५ अंशांना सुमारे ०.२ मिमीने मोठा असतो. त्यामुळे माप कोणत्या तापमानाला घेतले हे सांगितल्याशिवाय त्या मापाला अर्थ राहत नाही.

टेफ्लॉनबाबत आणखी एक विशेष आहे. सुमारे १९ अंशांना त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि घनफळात सुमारे एक टक्का किंवा त्याहून अधिक फरक पडतो. प्रमाण तापमान नेमके या बदलाच्या अगदी जवळ असल्याने टेफ्लॉनचे अचूक भाग त्या मर्यादेच्या स्पष्टपणे वर, उदाहरणार्थ २३ अंशांच्या आसपास, मोजण्याचा प्रघात आहे.

नायलॉनचे माप हवेतील ओलाव्याने बदलते. पाण्यात पूर्ण मुरलेले नायलॉन ६ आपल्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषते. दर एक टक्का ओलाव्यामागे त्याची लांबी ढोबळमानाने पाव टक्क्याने वाढते. त्यामुळे मे महिन्यात घट्ट बसणारी नायलॉनची बुश पावसाळ्यात शाफ्टवर जखडून बसू शकते.

मायक्रोमीटरचा दाबही मऊ तुकड्याला दाबतो. म्हणून कमी दाबाची, रुंद टोकांची किंवा स्पर्शाविना मोजणारी साधने वापरतात. लवचीक भागांच्या आरेखनासाठी आयएसओ १०५७९ हे वेगळे मानक आहे. भाग मोकळा असताना मोजायचा की जोडणीत असतो तसा धरून मोजायचा, हे आरेखनावर लिहिण्याची सोय त्यात आहे.

कल्याण–आंबिवली परिसरातील संदर्भ

आंबिवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील शहाड व टिटवाळा यांच्या दरम्यानचे स्थानक असून ते कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या क्षेत्रात येते. स्थानकाजवळच्या मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे पुढील काळातील एनआरसीचा, मोठा कारखाना होता. तो २००९ मध्ये बंद पडला. शेजारच्या शहाड येथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. डोंबिवली व अंबरनाथ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती असून त्यांत रासायनिक आणि अभियांत्रिकी असे दोन्ही प्रकारचे उद्योग आहेत. यंत्रनिर्मितीशी संबंधित मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हा संरक्षण उत्पादनाचा कारखानाही अंबरनाथलाच आहे.

रासायनिक उद्योग आणि मऊ प्लास्टिकचे मिलिंग यांचा संबंध जवळचा आहे. व्हिस्कोज रेयॉन तयार करताना सेल्युलोजचे द्रावण बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्ल व क्षार असलेल्या कुंडात सोडले जाते. तेथे त्याचे धाग्यात रूपांतर होते. अशा आम्लाच्या सान्निध्यात साधे लोखंड टिकत नाही. आम्ल वाहून नेणाऱ्या नळ्या, पंप व झडपा यांमध्ये त्यामुळे आम्लाला दाद न देणारे पॉलिप्रॉपिलिन, पीव्हीसी व टेफ्लॉन यांसारखे पदार्थ उपयोगी पडतात. औषधे व रंग बनवणाऱ्या कारखान्यांची गरजही अशाच प्रकारची असते. जुन्या यंत्राचा एखादा भाग झिजला की त्याच मापाचा भाग तातडीने हवा असतो आणि असे एकेरी नग लहान कार्यशाळांतील मिलिंग व लेथ यंत्रांवर तयार होतात.

पकडीतील चुकीचे खरे मोल येथे कळते. टेफ्लॉनची बैठक दोन दशांश मिलिमीटरने लंबगोल झाली तर झडप पूर्ण मिटत नाही. कार्यशाळेत नाकारला गेलेला नग म्हणजे थोडे नुकसान असते, परंतु तपासणीतून निसटलेला तोच नग आम्लाच्या नळीवर बसला तर झडपेजवळ काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर आम्ल उडण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून असे भाग पकडीबाहेर काढून, काही वेळ मोकळे ठेवून, मगच तपासणे आवश्यक समजले जाते.

सुरक्षितता व आरोग्य

मऊ प्लास्टिकचा कीस लांब व चिवट असतो. तो फिरत्या हत्याराभोवती गुंडाळला जातो आणि त्याच्या टोकाला तुकडाही ओढला जाऊ शकतो. हा गुंता यंत्र पूर्ण थांबवल्यानंतर आकड्याने काढावा, हाताने ओढू नये. फिरत्या हत्याराजवळ हातमोजे घालणे धोक्याचे असते. हलक्या पकडीतील तुकडा निसटून उडू शकतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि यंत्राला आडोसा असणे आवश्यक असते. भारतातील कारखान्यांत यंत्राच्या धोकादायक भागांना आच्छादन घालण्याची तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये होती.

अतितापाने प्लास्टिकमधून हानिकारक वायू निघतात. पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड, तर अ‍ॅसिटलमधून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतो. टेफ्लॉन खूप तापल्यास निघणाऱ्या धुरामुळे थंडी-ताप, छातीत आवळल्यासारखे वाटणे व खोकला अशी लक्षणे दिसतात. टेफ्लॉनचे कण तंबाखूला किंवा विडी-सिगारेटला लागले तर जळत्या टोकाच्या उष्णतेने तोच धूर फुफ्फुसांत जातो. त्यामुळे टेफ्लॉनच्या कामाच्या जागी धूम्रपान निषिद्ध असते आणि काम संपल्यावर हात धुणे आवश्यक मानतात.

कीस व पर्यावरण

ठोकळ्यातून भाग कोरताना बऱ्याचदा निम्म्याहून अधिक पदार्थाचा कीस होतो. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन व नायलॉन यांचा कीस वेगवेगळा गोळा केल्यास तो वितळवून पुन्हा वापरता येतो. एकमेकांत मिसळल्यास, विशेषतः त्यात पीव्हीसी असल्यास, तो निरुपयोगी होतो. टेफ्लॉनचा कीस नेहमीच्या पद्धतीने वितळवता येत नाही आणि तो जाळणे धोकादायक असते.

हवेने उडवलेला बारीक कीस झाडून गटारात गेल्यास तो तेथून नाले व नदीत पोहोचतो. कल्याण, डोंबिवली आणि उल्हासनगर परिसराला ज्या उल्हास नदीतून पाणीपुरवठा होतो, ती मोहने-आंबिवलीजवळूनच वाहते. यंत्राजवळ शोषण-नळी लावणे, गटाराच्या तोंडाशी बारीक जाळी बसवणे आणि जमीन धुण्यापूर्वी कोरडी झाडून घेणे हे उपाय लहान कार्यशाळेलाही परवडणारे आहेत.

हे सुद्धा पहा

मिलिंग यंत्र
यांत्रिक हत्यारे
टेफ्लॉन
पॉलिथिन
नायलॉन
आंबिवली रेल्वे स्थानक
उल्हास नदी